मॉड्यूलला स्वतःचा पत्ता कोण सांगतो?

१९७३ साली मद्रासच्या आयआयटीत पश्चिम जर्मनीच्या मदतीने आयबीएम ३७०/१५५ हा संगणक बसवला गेला. त्या काळच्या भारतातल्या मोठ्या संगणकांत त्याची गणना होत असे. त्याच सुमारास प्रा. एच. एन. महाबला तिथे आले आणि पुढे सॉफ्टवेअर उद्योगात नाव काढणारे कितीतरी विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिलेला प्रोग्राम उघडला, की सुरुवातीच्या दोन-चार ओळींत एक ओळ हमखास भेटायची: 'बीएएलआर १२,०'. पुढच्या सूचनेचा पत्ता बाराव्या रजिस्टरमध्ये ठेव, पण उडी कुठेही मारू नकोस, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे बेरीज-वजाबाकी, छपाई वगैरे कामाला हात घालण्याआधी प्रोग्राम यंत्राला विचारून घेत असे, की मी या घडीला मेमरीत नेमका कुठे आहे?

हे विचारणे भागच होते. प्रोग्राम लिहिताना तो मेमरीत कोणत्या जागी उतरवला जाईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. शिवाय त्या यंत्रात कोणत्याही जागेचा उल्लेख 'पायाभूत पत्ता अधिक अंतर' असाच करावा लागे, आणि अंतरासाठी १२ बिटच मिळत. एका पायावरून ४,०९६ बाइटांपर्यंतच हात पोचायचा. मॉड्यूल त्याहून लांब झाले की दुसरे रजिस्टर पायासाठी राखून ठेवावे लागे. असेंब्लरला 'युझिंग' या शब्दाने सांगावे लागे, की बाराव्या रजिस्टरमध्ये माझा पत्ता आहे असे धरून चाल. असेंब्लर त्यावर मुकाट्याने विश्वास ठेवी. रजिस्टरमध्ये प्रत्यक्षात भलतेच काही असेल तर प्रोग्राम भलत्याच जागी जाऊन वाचू-लिहू लागे आणि चूक शोधण्यात दिवस जाई.

त्याच यंत्रावर दुसरीही एक रीत होती. एका मॉड्यूलने दुसऱ्याला बोलवायचे तर पंधराव्या रजिस्टरमध्ये बोलावलेल्याच्या प्रवेशद्वाराचा पत्ता ठेवायचा, असा संकेत होता. तो पाळला गेला असेल तर नव्याने कामाला लागलेल्या मॉड्यूलला काही शोधावे लागत नसे. बोलावणाऱ्यानेच पत्ता हातात दिलेला असे.

प्रोग्रामच्या एखाद्या भागाला स्वतःकडे बोट दाखवायचे असेल तर त्याने काय करावे, या प्रश्नाची गेल्या साठ वर्षांतली उत्तरे चाळली की मार्ग तीनच दिसतात. उभे आहोत त्या जागेवरून स्वतःला ओळखणे हा पहिला. जन्माच्या वेळी कोणीतरी ओळख हातात देणे हा दुसरा. हे दोन्ही वर येऊन गेले. तिसरा म्हणजे आपले नाव घेऊन कुठल्यातरी नोंदवहीत स्वतःला शोधणे. माझे मत आधीच सांगून टाकतो: तिसरा मार्ग शिकायला सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत कच्चाही आहे. आणि आज महाविद्यालयांत सर्रास शिकवली जाणारी पायथन भाषा नेमक्या त्याच मार्गाने जाते.

चेन्नई हे पायथन शिकण्याचे मोठे ठिकाण आहे. सिरुसेरीच्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनवरचा एनपीटीईएल अभ्यासक्रम देशभर पाहिला जातो. मद्रास आयआयटीच्या ऑनलाइन पदवीत पायथन आहे, आणि ती पदवी नांदेड-साताऱ्यात बसूनही करता येते. पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद २०११ साली पुण्यात भरली, तशी २०१९ साली चेन्नईत भरली. तेव्हा पायथनपाशी थोडे अधिक रेंगाळायला हरकत नाही. (कोडमधली नावे इथे देवनागरीत उतरवली आहेत, यंत्राला अर्थातच रोमनच लागतात.)

पायथनमध्ये प्रत्येक फाइल म्हणजे एक मॉड्यूल, आणि मॉड्यूल ही एक वस्तू. ती चलात ठेवता येते, फंक्शनला देता येते, तिच्यात नवे गुणधर्म चिकटवता येतात. पण मॉड्यूलच्या आत बसलेल्या कोडला ही वस्तू थेट दिसत नाही. वर्गाच्या पद्धतींना पहिल्या जागी 'सेल्फ' मिळतो. मॉड्यूलला असा सेल्फ नाही. त्याला मिळते ते फक्त नाव, '__नेम__' या चलात. मग मंडळी काय करतात? 'सिस.मॉड्यूल्स' नावाचा एक कोश असतो, त्यात आतापर्यंत आयात झालेल्या सगळ्या मॉड्यूलांची नावासकट नोंद असते. त्यात आपल्या नावाने पाहायचे: 'सिस.मॉड्यूल्स[__नेम__]'. उत्तरादाखल आपण स्वतः हाती येतो.

हे चालते, कारण पायथनची आयातयंत्रणा मॉड्यूलची नोंद त्याचा कोड चालवण्याआधीच करून ठेवते. त्यामागचे कारण वेगळे आहे. 'अ'ने 'ब'ला आयात केले आणि 'ब'ने उलट 'अ'ला, तर नोंद आधी नसल्यास ही साखळी कधी संपायचीच नाही. आधी नोंद झाल्यामुळे 'ब'ला अर्धवट भरलेले का होईना 'अ' मिळते. आत्मसंदर्भाची सोय त्यातून आपसूक झाली.

पण नोंद नावावर आहे, आणि नाव बदलू शकते. समजा 'हिशेब' नावाची फाइल आहे. ती थेट चालवली तर पायथन तिला 'हिशेब' म्हणत नाही, '__मेन__' म्हणते. फाइलच्या शेवटी '__नेम__' हे '__मेन__' आहे का असे तपासणारी ओळ प्रत्येक विद्यार्थी घोकतो, ती याचसाठी. आता चालू असताना याच प्रोग्रामच्या दुसऱ्या एका फाइलने 'हिशेब' आयात केली, तर काय होईल? यंत्रणा नोंदवहीत 'हिशेब' शोधते. तिथे ती '__मेन__' या नावाखाली आहे, 'हिशेब' नावाखाली नाही. म्हणून फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवली जाते आणि दुसरी, स्वतंत्र प्रत तयार होते. १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले. उच्च न्यायालय आजही मद्रासचे आहे, आयआयटीही मद्रासची आहे, आणि कोणाचेही काही अडत नाही, कारण दोन नावांमागे शहर एकच आहे. पायथनमध्ये दोन नावे झाली की शहरेही दोन होतात.

याचे परिणाम गमतीचे वाटतात, निस्तरावे लागेपर्यंत. एका प्रतीत 'शिल्लक' शंभराने वाढवली तरी दुसऱ्या प्रतीत ती शून्यच राहते. 'खातेचूक' नावाचा अपवादवर्ग दोन वेळा जन्म घेतो. एका प्रतीने फेकलेली चूक दुसऱ्या प्रतीच्या सापळ्यात अडकत नाही, कारण नाव तेच असले तरी वर्ग वेगळा. छापून पाहिले तर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे नवखा माणूस आपल्याच डोळ्यांवर संशय घेतो. या स्थितीत 'सिस.मॉड्यूल्स[__नेम__]' खोटे बोलत नाही. प्रत्येक प्रतीला तिचा स्वतःचाच संदर्भ देते. पण तुम्हाला हवी असते ती 'हिशेब' फाइल, आणि तिचे एकच असे अस्तित्व आता उरलेले नसते. पिकल या साठवणयंत्रणेचीही अशीच पंचाईत होते. थेट चालवलेल्या फाइलमधल्या वर्गाची वस्तू ती '__मेन__'मधली म्हणून साठवते, आणि दुसरा प्रोग्राम ती उघडायला जातो तेव्हा त्याच्या '__मेन__'मध्ये असा वर्गच नसतो. मल्टिप्रोसेसिंगमध्ये नवी प्रक्रिया कोऱ्या पाटीवर सुरू होते, तेव्हा मूळ फाइल '__एमपी_मेन__' या तिसऱ्याच नावाने चालवली जाते.

पायथनवाल्यांना हे दिसत नव्हते असे नाही. २००५ नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी या एका गाठीभोवती बरीच ओढाताण केली. २००६ च्या २.५ आवृत्तीत, पॅकेजमधले मॉड्यूल नावाने चालवण्याची 'वजा एम' ही सोय पक्की झाली. अशा तऱ्हेने चालवलेल्या मॉड्यूललाही '__मेन__' म्हणतात. मग त्याला आपल्या शेजारच्या मॉड्यूलांचा पत्ता कसा लागायचा? त्यासाठी '__पॅकेज__' हे आणखी एक चल आले. २०१४ च्या ३.४ आवृत्तीत '__स्पेक__' आले, त्यात मॉड्यूलचे खरे नाव टिकून राहते. पण फाइल थेट चालवली तर '__स्पेक__' रिकामेच असते. ठिगळावर ठिगळ, असे म्हटले तर पायथनप्रेमी रागावतील. पण कापड कुठे विरले आहे ते या ठिगळांवरूनच कळते.

मुळावर घाव घालणारा एक प्रस्ताव एप्रिल २००७ मध्ये जिम ज्युएट यांनी मांडला होता. भाषेच्या सुधारणाप्रस्तावांत त्याचा क्रमांक ३१३०. मागणी साधी होती: चालू मॉड्यूल, चालू वर्ग आणि चालू फंक्शन यांच्याकडे बोट दाखवणारी तीन राखीव नावे भाषेतच द्या. पायथन ३ घडत होते, जुन्या गोष्टी मोडून नव्या बसवायची हीच वेळ होती. तरी प्रस्ताव फेटाळला गेला. तो राबवायचा कसा, अवघड प्रसंगी त्याचा अर्थ नेमका काय, हे स्पष्ट नाही. गरजेची उदाहरणे पुरेशी नाहीत. आणि लोकांचा प्रतिसादही थंड आहे, अशी कारणे दिली गेली.

मला हा निकाल पूर्वी हेकट वाटे. आता तसा वाटत नाही, कारण उदाहरणे खरोखरच तोकडी होती. मॉड्यूलला स्वतःचा संदर्भ कशासाठी लागतो, हे नीट तपासले तर निम्म्याहून अधिक वेळा तो लागतच नाही असे दिसते. नोंदी ठेवणाऱ्या लॉगरला फक्त नाव हवे असते. नावावरून फंक्शन उचलायचे असेल तर 'ग्लोबल्स()' मॉड्यूलचा अख्खा कोश हातात देते. वस्तू नसली तरी वस्तूतला सगळा ऐवज मिळतो. आणि वर्गाच्या संदर्भाची निकड 'सुपर' या शब्दापुरती होती. ती पायथन ३ मध्ये वेगळ्या प्रस्तावाने भागली: पद्धतीच्या आत '__क्लास__' हे नाव कंपायलर स्वतः पुरवतो. तिघांपैकी एकालाच असा मान मिळाला. मॉड्यूल आणि फंक्शन तसेच राहिले.

तरी काही प्रसंग उरतात. एक म्हणजे मॉड्यूलने स्वतःच्या जागी दुसरीच वस्तू बसवणे. कोड चालता चालता नोंदवहीतली आपली नोंद खोडून तिथे एखाद्या वर्गाची वस्तू ठेवायची. आयात करणाऱ्याला तीच मिळते, कारण आयातयंत्रणा शेवटी नोंदवहीतच पाहते. युक्ती चतुर होती, पण पायथन २ मध्ये तिला किंमत मोजावी लागे. नोंद खोडली, मूळ मॉड्यूलचा कोणी धनी उरला नाही, की ते नष्ट होताना त्यातली सगळी नावे रिकामी होत आणि नव्या वस्तूची फंक्शने पोकळ पडत. ३.४ पासून हे थांबले. ३.५ मध्ये मॉड्यूलचा वर्गच बदलण्याची मुभा आली आणि २०१८ च्या ३.७ मध्ये मॉड्यूलला '__गेटअ‍ॅट्र__' लिहिता येऊ लागले: नसलेले नाव बाहेरून कोणी मागितले, तर काय द्यायचे ते मॉड्यूलच ठरवते. इथे एक बारकावा आहे. हे फंक्शन बाहेरच्यांसाठीच जागे होते. मॉड्यूलने आतून तेच नाव नुसते उच्चारले तर ते जागे होत नाही, आणि हे मुद्दाम तसे ठेवले आहे. आतूनही ते जागे करायचे तर स्वतःला बाहेरून हाक मारावी लागते. त्यासाठी हे फंक्शन आणणाऱ्या प्रस्तावातच वाट सांगितली आहे, ती हीच: 'सिस.मॉड्यूल्स[__नेम__]'.

दुसरा प्रसंग सी भाषेत लिहिलेल्या विस्तारांचा, आणि तो अधिक गंभीर. तिथे मॉड्यूलची स्थिती पूर्वापार सीच्या जागतिक चलांत ठेवली जाई. एका प्रक्रियेत पायथनचा एकच दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, असेल तोवर ठीक. पण दोन उपदुभाषी शेजारी चालू झाले, की त्याच विस्ताराची दोन मॉड्यूले होतात आणि जागतिक चल मात्र एकच उरते. मग वर्गातल्या एखाद्या पद्धतीने 'माझे मॉड्यूल यांपैकी कोणते' हे कोणाला विचारायचे? २०२० च्या ३.९ आवृत्तीत त्याचे उत्तर आले: वर्ग जन्माला घालतानाच त्याला त्याच्या मॉड्यूलची ओळख बांधून द्यायची, आणि पद्धतीला हाक मारताना तिचा मूळ वर्गही हातात द्यायचा. नाव नाही, नोंदवही नाही. पंधराव्या रजिस्टरचीच रीत. २०२३ च्या ३.१२ मध्ये प्रत्येक उपदुभाष्याला स्वतःचे कुलूप (जीआयएल) देता आले, त्याआधी ही पायाभरणी आवश्यक होती. भाषेने वरच्या मजल्यावर जे नाकारले, ते तळघरात करावे लागले.

इतर भाषांकडे थोडे धावते पाहू. रुबीत प्रश्नच नाही: मॉड्यूलच्या अंगात 'सेल्फ' म्हटले की मॉड्यूलच. पर्लमध्ये '__पॅकेज__' मिळते, पण ते नुसते नाव. ज्युलियात खरी वस्तू देणारा मॅक्रो आहे. लुआत मॉड्यूल म्हणजे आपणच बनवलेला एक तक्ता. तो पहिल्या ओळीत स्थानिक चलात ठेवायचा आणि शेवटी परत करायचा, मग स्वतःला शोधायचे कारणच उरत नाही. या सगळ्यांत मला हे लुआचे साधेपण सर्वांत आवडते.

जावास्क्रिप्टने दोनदा उत्तर दिले. २००९ च्या नोड.जेएसने प्रत्येक फाइल एका फंक्शनच्या पोटात गुंडाळली आणि त्या फंक्शनला पाच गोष्टी दिल्या. त्यांत 'मॉड्यूल' ही एक. म्हणजे ओळख जन्मतःच हातात. मुख्य फाइल मीच का, हे 'रिक्वायर.मेन' आणि 'मॉड्यूल' यांची तुलना करून कळते. वस्तू वस्तूशी ताडून पाहिली जाते, नाव नावाशी नव्हे. पायथनच्या घोकलेल्या ओळीपेक्षा हे कितीतरी भक्कम. पुढे २०१५ च्या प्रमाणभाषेत मॉड्यूले आली, तेव्हा मात्र 'मॉड्यूल' हे चल गेले. २०२० मध्ये 'इम्पोर्ट.मेटा' आले, त्यातून फाइलचा पत्ता मिळतो. पण मॉड्यूलने स्वतःलाच स्वतःच्या पत्त्याने आयात करायला मुभा आहे, आणि दुसरी प्रत न होता तेच मॉड्यूल हाती येते. चाचण्या लिहिणारे याचा उपयोग करतात: आतल्या आतली हाक अशी बाहेरून वळवली, की मधे खोटे फंक्शन बसवता येते.

एर्लांगची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. एरिक्सन कंपनीत दूरध्वनी केंद्रांसाठी घडलेल्या या भाषेत चालू यंत्रणा न थांबवता मॉड्यूलची नवी आवृत्ती चढवता येते, आणि त्या वेळी जुनी व नवी अशा दोन आवृत्त्या मेमरीत एकत्र नांदतात. फंक्शनला नुसत्या नावाने हाक मारली तर प्रक्रिया आपल्या आहे त्या आवृत्तीतच राहते. मॉड्यूलचे नाव पुढे लावून हाक मारली तर ती नव्या आवृत्तीत जाते. आणखी एक आवृत्ती चढवायची तर सर्वांत जुनी आधी काढावी लागते, आणि तिच्यात अजून रेंगाळणाऱ्या प्रक्रिया मारल्या जातात. म्हणजे 'मी' म्हणजे आत्ताचा मी की ताजा मी, हे इथे प्रोग्रामर प्रत्येक हाकेला निवडतो. नावाने शोधण्याचा मार्ग मी कच्चा म्हटला खरा. पण एर्लांगमध्ये तो हेतूनेच निवडला आहे, आणि शोभतो.

आता पुन्हा यंत्राजवळ. विंडोजमधल्या डीएलएलला स्वतःची मूठ, म्हणजे हँडल, हवी असते: आपल्यातली चित्रे, संवादचौकटी उचलायला. नवशिका 'गेटमॉड्यूलहँडल'ला रिकामे नाव देतो आणि फसतो, कारण त्यातून डीएलएलची मूठ मिळत नाही, तिला वापरणाऱ्या मुख्य प्रोग्रामची मिळते. खरी मूठ 'डीएलएलमेन' या प्रवेशफंक्शनला पहिल्याच जागी दिलेली असते. ती तिथेच जपून ठेवायची. नाहीतर आपल्याच एखाद्या फंक्शनचा पत्ता देऊन 'हा पत्ता ज्या मॉड्यूलमध्ये आहे ते कोणते' असे विचारायचे. लिनक्सवर 'डीएलअ‍ॅडर' हेच करते. मायक्रोसॉफ्टचा लिंकर '__इमेजबेस' नावाचे एक आभासी चलही पुरवतो, त्याचा पत्ता म्हणजेच मॉड्यूलचा आरंभ. तिथे विचारण्याचीही गरज नाही.

३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर स्वतःची जागा थेट वाचायची सूचनाच नव्हती. मग लगेच पुढच्याच ओळीला 'कॉल' करायचा आणि स्टॅकवर पडलेला परतीचा पत्ता उचलायचा, अशी कसरत प्रत्येक सामायिक लायब्ररीत चाले. ६४ बिटांच्या पिढीत पत्ता चालू सूचनेपासूनच्या अंतराने सांगता येऊ लागला आणि कसरत संपली.

मद्रास आयआयटीने शक्ती हे प्रोसेसरकुल घडवले ते रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर. २०१८ साली त्यांची एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने, तर दुसरी चंदिगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. या सूचनासंचात 'एयूआयपीसी' नावाची सूचना आहे. चालू सूचनेच्या पत्त्यात दिलेले अंतर मिळवून ती उत्तर रजिस्टरमध्ये ठेवते. अंतर शून्य दिले तर हाती येतो तो स्वतःचाच पत्ता. १९७३ च्या 'बीएएलआर १२,०'चे काम, त्याच आवारात, पंचेचाळीस वर्षांनी आणि आता स्वदेशी आराखड्यावर.

सिद्धान्ताच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न १९३८ सालीच सुटला होता, संगणक यायच्याही आधी. स्टीफन क्लीनी यांच्या पुनरावर्तन प्रमेयानुसार कोणत्याही पुरेशा समर्थ भाषेत असा प्रोग्राम लिहिता येतो, ज्याला स्वतःची संपूर्ण संहिता उपलब्ध असते; त्यासाठी यंत्राची किंवा नोंदवहीची कसलीही मेहेरबानी लागत नाही. केन थॉम्पसन यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ साली प्रसिद्ध झाले, याच तत्त्वावर स्वतःत चोरवाट जपणारा कंपायलर दाखवून सगळ्यांची झोप उडवली. पण प्रमेय संहिता देते, चालू असलेला देह देत नाही. 'शिल्लक' या घडीला किती आहे, हे संहितेतून कळत नाही. आणि मॉड्यूलला स्वतःचा संदर्भ हवा असतो तो बहुतेक वेळा त्या चालू शिल्लकेसाठीच.

पायथनमध्ये हा मार्ग आता बदलेल असे मला वाटत नाही. तेव्हा जे लिहितात त्यांनी एवढे करावे: चालवायची फाइल आणि आयात करायची फाइल वेगळी ठेवावी. चालवायच्या फाइलमध्ये आयातीची एक ओळ आणि मुख्य फंक्शनला हाक, यापलीकडे काही नसावे. वर्ग, अपवाद, शिल्लक सगळे दुसरीकडे. 'ग्लोबल्स()'ने भागत असेल तर नोंदवहीकडे जाऊ नये. आणि शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना विनंती, की '__मेन__'ची ती ओळ पाठ करून घेताना एकदा वर्गात दुहेरी आयात घडवून दाखवा, दोन्ही प्रतींतली शिल्लक छापून. पाच मिनिटांचे काम आहे.